ब्रेकची हवा

बाजीराव मिस्त्री एकदा गाडीखाली शिरले की त्यांना स्वतःच्या जेवणाची आठवण राहत नसे, मग सीटवर बसवलेल्या बायकोच्या जेवणाचं तर नावच नको. सकाळी भाकरी तव्यावर असतानाच त्यांनी अंगणातून हाक मारली होती, "तुळसे, पाच मिंटं पाय दे." त्या पाच मिनिटांना आता तीन तास झाले होते. लोणी भापकरच्या त्या अंगणात जुनी पिकअप मागून जॅकवर उचललेली, पुढच्या चाकांना दगड लावलेले, आणि तुळसा ड्रायव्हरच्या सीटवर, उजवा पाय ब्रेकच्या पेडलवर ठेवून हुकमाची वाट बघत बसलेली.

उद्या रविवार. उद्या सकाळी करुणाचं बिऱ्हाड इंदापूरला न्यायचं होतं. करुणा त्यांची लेक, सध्या माहेरीच राहत होती; आज ती पोरीला घेऊन बारामतीला खरेदीला गेली होती. नर्स होती, इंदापूरच्या एका दवाखान्यात तिला नोकरी लागली होती, सोमवारी हजर व्हायचं होतं. कपाट, लोखंडी कॉट, शिलाई मशीन, भांड्यांची दोन पोती एवढं मागं, आणि पुढं केबिनमध्ये करुणा आणि तिची सहा वर्षांची श्रेया. "टेम्पो सांगायचा का अण्णा?" असं करुणानं आठवड्यापूर्वी एकदाच विचारलं, तर बाजीराव भरल्या ताटावरून उठून गेले. त्यानंतर त्या घरात टेम्पो हा शब्द कुणी तोंडातून काढला नाही.

त्यांचा राग अगदीच उगाच नव्हता. एसटीच्या वर्कशॉपात एकतीस वर्षं त्यांनी ब्रेकचंच काम केलं होतं. रिटायर झाल्यावर ही पिकअप घेतली, तीही जुनीच, आणि अकरा वर्षांत तिला दुसऱ्या माणसाचा पाना लागू दिला नाही. बारामतीला गॅरेजं काय कमी होती? पण घरात चूल पेटलेली असताना शेजारी जेवायला कोण जातं, असं म्हणून ते विषय संपवत.

मात्र हे चार दिवस त्यांना कशानं घेरलं होतं कुणास ठाऊक. जिवाला म्हणून स्वस्थता नव्हती. गाडी उघडायची, बंद करायची, चहा अर्धा ठेवून पुन्हा उघडायची. मंगळवारी दिवे झाले, बुधवारी स्प्रिंगच्या पाट्यांना ग्रीस झालं, गुरुवारी चांगला चालणारा सेल्फ काढून, पुसून परत बसवला. काल मागच्या चाकांत हात घातला. तिथले ब्रेकचे रबर फुगून तेल पाझरत होतं, तेव्हा तेवढं काम खरंच करायला हवं होतं. पण रबर बदलले म्हणजे ब्रेकच्या पाइपात हवा शिरते, आणि ती काढल्याशिवाय गाडी रस्त्यावर नेता येत नाही. पेडल दाबावं तर नुसती हवाच दाबली जाते, चाक आपलं फिरतच राहतं.

हवा काढायला दोन माणसं लागतात. एक वर पाय देणारं, एक खाली पाना धरणारं. आणि एका घरात दोघंच असली तर खाली कोण आणि वर कोण याची चर्चा होत नाही. "दाब, दाब, दाब, धर," असं बाजीराव खालून म्हणायचे. तुळसा पेडल दाबून धरायची. मग ते चाकाच्या मागचं निप्पल खोलायचे, तेल आणि बुडबुडे फसफसत बाहेर यायचे, आणि पेडल तिच्या पायाखाली हळूहळू खाली बसायचं. ते निप्पल आवळायचे आणि मग म्हणायचे, "सोड." अकरा वर्षांत हे इतक्या वेळा झालं होतं की तुळसाला गाडी वीतभर पुढं घेता येत नसली तरी तिच्या तळपायाला ब्रेक कळत होता.

आज पेडल लोण्यात पाय घातल्यासारखं आत जात होतं. दहा वेळा हवा काढली, वीस वेळा काढली, तरी तसंच.

"पायात जोर न्हाय तुझ्या," खालून आवाज आला.

"सकाळपासनं पोटात घास न्हाय, जोर कुठनं येनार?"

"बोलू नको. दाब."

मग तेल बनावट निघालं. डबा तपासून झाला, तर रबर खोटे निघाले. बाजीरावांनी डावं चाक पुन्हा उघडलं, रबर काढले, तेच रबर उलटसुलट बघून तेच पुन्हा बसवले. कपाळावर तेलाचा पट्टा, हाताची बोटं काळीभोर. आणि डोळ्यांत काहीतरी हरवल्यासारखी घाई. तुळसाला ती घाई बघवेना.

"चल. दाब, दाब, दाब, धर."

तिनं धरलं. पेडल पायाखालून खाली गेलं, म्हणजे निप्पल खोललं.

"सोड," बाजीराव म्हणाले.

तिनं सोडलं. पेडल वर आलं, आणि ते वर येताना खाली बारीकशी सुर्र झाली. मग पाना करकरला. तुळसाचा पाय पेडलवरच राहिला. तिनं पुढचा हुकूम ऐकला, दाबलं, धरलं. पेडल खाली गेलं. "सोड." पुन्हा सुर्र, आणि नंतर पाना.

ते आवळायच्या आधीच सोड म्हणत होते. उघड्या निप्पलातून जेवढी हवा बाहेर जात होती तेवढीच परत आत ओढली जात होती, सकाळपासून. पायात जोर होता, तेल चांगलं होतं, रबर चांगले होते.

आणि हे पहिल्यांदाच घडत नव्हतं. दिवाळीनंतर बाजीराव कांद्याचं बी आणायला सुप्याच्या बाजाराला गेले आणि रिकाम्या हातानं आले. बाजारच भरला नाही म्हणाले. त्याच बाजारातून शेजारची तानूबाई दोन पिशव्या भरून आली होती. तुळसानं ते कुणाला सांगितलं नव्हतं, करुणालासुद्धा नाही. वय झालं की होतं असं, एवढं म्हणून तिनं ते गिळून टाकलं होतं. पण बी विसरणं वेगळं. ब्रेकची हवा काढणं हा माणूस झोपेत करत आला होता.

"धर," बाजीराव म्हणाले. पेडल खाली गेलं. "सोड."

तुळसानं सोडलं नाही. लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली होती, आणि असा तोंडावर आलेला हुकूम तिनं पहिल्यांदाच मोडला होता. ती पेडल दाबून बसून राहिली. पाना करकरला, मग जमिनीवर टाकल्याचा ठण्ण आवाज आला, तेव्हा तिनं पाय उचलला. पुढच्या खेपेला तेच केलं. त्याच्या पुढच्या खेपेला पेडल अर्ध्यावर अडलं आणि मग घट्ट झालं, असं घट्ट की पायाला बरं वाटलं.

"आली जाग्यावर," असं म्हणत बाजीराव खालून बाहेर आले. "बगितलंस? म्हणलं हुतं का न्हाय, रबर नीट बसला नव्हता." तोंडभर हसले. चार दिवसांत पहिल्यांदा हसले. तुळसालाही हसावं लागलं, आणि तिला स्वतःचाच राग आला.

आता गप्प बसणं सोपं होतं. उरलेल्या तीन चाकांना असंच करायचं, पाना पडल्याचा आवाज ऐकायचा आणि मग पाय उचलायचा. गाडी ठीक होईल, त्यांचा मान राहील, लेक नांदायला निघाल्यासारखी वाजतगाजत इंदापूरला जाईल. तिनं तसं ठरवलंही होतं. पण फडक्याला हात पुसता पुसता बाजीराव म्हणाले, "उद्या पहाटं निगायच्या आदी मागची दोन चाकं परत एकदा बगतो. करुणी दील की पाय. म्हंजे डोक्याला ताप न्हाय."

करुणा देईल पाय. करुणा वडिलांचं ऐकेल. ते सोड म्हणाले की शहाण्या पोरीसारखी सोडेल. आणि मग जंक्शन गावाच्या पुढं उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर आडवा येईल, तेव्हा पेडल लोण्यासारखं आत जाईल आणि श्रेया पुढं काचेजवळ बसलेली असेल.

"अहो," ती म्हणाली.

"काय?"

"मी तुमचं ऐकलं न्हाय."

"कदी?"

"आत्ता. तुमी सोड म्हणला, मी सोडलं न्हाय. पाना खाली पडल्यावर सोडलं. म्हणून बसला ब्रेक." आता मागं फिरायचं नव्हतं. "तुमी आवळायच्या आदीच सोड म्हणत हुता. सकाळपासनं."

बाजीरावांचा चेहरा लाल झाला. "तू मला ब्रेक शिकिवतीस?"

"मी न्हाय शिकवत. माज्या पायाला कळलं ते सांगते."

"पायाला कळलं." त्यांनी दहा नंबरचा पाना उचलून तिच्या हातात आपटला. "उतर. मी बसतो वर. तू जा खाली. बगू दे तुजी मिस्त्रीगिरी."

तुळसानं पदर खोचला. गुडघे वयाचे होते, तरी ती पोत्यावर पाठ टेकून गाडीखाली सरकली. खालचं जग तिनं कधी बघितलंच नव्हतं. चिखलाचे पोपडे, ग्रीस, गंजलेला सायलेन्सर, आणि उजव्या चाकाच्या मागं बोटाच्या पेराएवढं ते निप्पल. एवढ्याशा गोष्टीवर सगळं अवलंबून, आणि ही बाई सकाळपासून उपाशी. तिला एकाच वेळी हसूही आलं आणि रडूही.

"दाबा," ती म्हणाली. वर पेडल करकरलं. "दाबा. दाबा. धरा."

तिनं निप्पल खोललं. तेल फसफसून तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. ती पाना फिरवायला लागणार, एवढ्यात बाजीराव बोलले. आवाजात राग नव्हता. एवढा हलका आवाज तिनं त्यांच्या तोंडून ऐकलाच नव्हता.

"तुळसे, आदी सोडायचं का आदी आवळायचं?"

तुळसाचा हात थांबला. ते तिची परीक्षा घेत नव्हते. त्यांना खरोखरच आठवत नव्हतं, आणि आपल्याला आठवत नाही हे त्यांना आत्ता, पेडलवर पाय ठेवून बसल्यावर कळलं होतं. आपलं म्हणणं खरं ठरल्याचं तिला जन्मात एवढं वाईट वाटलं नव्हतं. ती खाली होती हेच बरं झालं. डोळ्यांतलं पाणी कानात गेलं, ते कुणाला दिसलं नाही.

"आदी आवळायचं," ती म्हणाली. "मी सांगते तवा सोडा."

"बरं," बाजीराव म्हणाले.

तिनं आवळलं. "सोडा." त्यांनी सोडलं. मग पुन्हा. उजवं चाक झालं. जॅक मागून पुढं आणि दगड पुढून मागं नेऊन पुढची दोन्ही चाकं झाली. त्या तासाभरात दोघं कामापुरतंच बोलली. दाबा, धरा, सोडा. मध्ये एकदा बाजीरावांनी, डब्यातलं तेल बघ गं, एवढं म्हटलं, आणि खरंच तेल तळाला गेलं होतं. तिनं ते ओतलं.

ती शेवटची बाहेर आली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. बाजीराव सीटवर तसेच बसले होते, दोन्ही हात स्टेअरिंगवर, नजर समोर फाटकावर.

"बुद्धघोषला सांग," ते म्हणाले. बुद्धघोष त्यांचा पुतण्या, पलीकडच्याच घरात राहायचा आणि बारामतीला एका शाळेची बस चालवायचा. "उद्या सुट्टी असंल त्याला. त्यो चालवंल गाडी."

"आन तुमी?"

"मी बसतो श्रेयाला मांडीवर घिऊन." मग ते म्हणाले, "करुणीला काय सांगायचं ते तू सांग. मला न्हाय जमायचं."

"सांगते," तुळसा म्हणाली. "चला, उतरा आता. भाकरी टाकते."

बाजीराव उतरले नाहीत. त्यांचा उजवा पाय अजून पेडलवरच होता, सगळा जोर लावून दाबलेला. पोटरी थरथरत होती.

"अहो, काडा की पाय. झालं काम."

"आवळलंय न्हवं?" त्यांनी विचारलं.

"आवळलंय."

मग त्यांनी पाय काढला.