मागच्या टाकीतली वाईन

नवऱ्याने लांब चिमट्याने उंदीर वर उचलला, तेव्हा त्याच्या शेपटीवरून जांभळा थेंब ओघळून पुन्हा मागच्या टाकीतल्या वाईनमध्येच पडला. शिडीच्या तिसऱ्या पायरीवर बायको बॅटरी धरून उभी होती. उंदीर फुगून टम्म झाला होता. पोटावरचे केस सोलल्यासारखे निघाले होते. किती दिवस आत होता, देव जाणे.

खाली सासूबाईंनी फडकं पसरून ठेवलंच होतं. बाजारातून आणलेला मासा गुंडाळावा तसा त्यांनी तो गुंडाळला आणि हात एप्रनला पुसले. सून म्हणाली, ही टाकी ओतून टाकू या. सासूबाईंनी तिला शांतपणे समजावलं. यंदा गारांनी द्राक्षांचा मळा झोडपला, हाताला लागलं ते एवढंच. दोनदा गाळली की झालं. दारूत कसले जंतू जगतात?

नवऱ्याने गाळणीला पाइप जोडला.

बाजाराच्या दिवशी जुन्या चौकातल्या दगडी कमानींखाली त्यांचं टेबल लागलं. पर्यटक आधी कमानींचे फोटो काढत, मग वाईन चाखायला येत. नवरा त्यांना पणजोबांनी खोदलेल्या तळघराच्या गोष्टी रंगवून सांगत होता. एका गृहस्थाने पेल्यात नाक खुपसलं, डोळे मिटले आणि या वाईनला मातीचा खोल वास आहे असं जाहीर केलं. त्याच्या मित्राला तो जुन्या लाकडाचा वाटला. दोघांची त्यावरून बराच वेळ जुंपली. सून मान डोलावत राहिली.

तेवढ्यात गर्दीतून तिचे वडील आले, न कळवता, शेजारच्या गावाहून बसने. घामाघूम झाले होते. लेकीची विचारपूस करता करता त्यांनी टेबलावरचा भरलेला पेला उचलला.

तिने पेल्याकडे हात नेला आणि मागे घेतला. सासूबाई पलीकडेच उभ्या होत्या.

"बाबा, ती राहू द्या," नवऱ्याने पेला अलगद त्यांच्या हातातून काढून घेतला. "तुमच्यासाठी वेगळी ठेवलीय."

टेबलाखालून त्याने गेल्या सालची बाटली काढली. वडील खूश झाले. जावई नव्हे, मुलगाच मिळालाय, असं त्यांनी आजूबाजूच्या चार लोकांना ऐकवलं.

तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो बाटलीचं बूच लावण्यात गुंतला होता. त्याच्या त्या स्वच्छ, निगुतीने चालणाऱ्या बोटांची तिला इतकी शिसारी आली की ती अर्धं पाऊल मागे सरकली.

रांगेतल्या एका वयस्क बाईंनी हे सगळं कौतुकाने पाहिलं होतं.

"आम्हालाही त्यातलीच द्या की," त्या हसून म्हणाल्या.

"ती फक्त घरच्यांसाठी, मावशी," नवराही हसला.

बाईंनी समजूतदारपणे मान हलवली आणि रिकामा पेला सुनेपुढे धरला. वडील शेजारी बसून निवांत घुटके घेत होते. तिने मागच्या टाकीतल्या वाईनचा जग उचलला आणि पेला काठोकाठ भरला.

बाईंनी एक घोट घेतला, जिभेवर घोळवला.

"छान आहे हो."

"आमच्या घरचीच आहे," ती म्हणाली.