पैकीच्या पैकी

टेंभुर्णीत भुजंग टेलरला कुणी ओळखो न ओळखो, सातासमुद्रापलीकडच्या एका रेडिओ केंद्राच्या हिंदी विभागात त्याला नावानिशी ओळखत होते. गावात लोक त्याच्याशी पायजमा आखूड झाला म्हणून भांडायचे, आणि तिकडे एक दीदी रविवारी संध्याकाळी पत्रांच्या कार्यक्रमात 'टेंभुर्णी के हमारे पुराने साथी' म्हणून त्याचं नाव घ्यायची. माणसाला आणखी काय लागतं? चौऱ्याऐंशी साली त्याने आणि काकासाहेब मास्तरांनी श्रोता मंडळ काढलं, तेव्हापासून पंचवीस वर्षं हे सुख चाललं होतं.

पण मागच्या ऑक्टोबरपासून रेडिओवर त्या जागी नुसती खरखर होती. त्यात फेब्रुवारीत केंद्राचं पत्र आलं की शॉर्टवेव्हवरचं हिंदी प्रसारण बंद करावं का, यावर विचार चालू आहे. भुजंगाच्या तोंडचं पाणी पळालं. दुकानात येईल त्याची त्याने माप घेता घेता सही घेतली, एकशे ब्याऐंशी सह्या झाल्या, आणि प्रसारण चालू ठेवा अशी विनंती करून पाठवून दिल्या. उत्तर आलं, की निर्णय मार्चच्या शेवटच्या रविवारी दीदी सांगेल. आता तो निर्णय ऐकायचा कसा, एवढंच राहिलं.

तेव्हा तो जाफराबादच्या इस्माईलभाईकडे गेला. इस्माईलभाई जुना रेडिओ मेकॅनिक. आता पोट मोबाईलवर भरायचा, पण जीव रेडिओतच अडकलेला. त्याने मुंबईहून सुटे भाग मागवून साबणाच्या वडीएवढी एक पट्टी स्वतः सोल्डर करून जोडली होती.

"ह्याला चाक न्हाई, काटा न्हाई, स्पीकर न्हाई," तो म्हणाला. "ही पट्टी फक्त हवेतलं उचलून कम्प्युटरच्या कानात टाकती. स्टेशन शोधायचं, आवाज काढायचं काम सगळं कम्प्युटरमधला प्रोग्राम करून राह्यला."

"मंग रेडिओ कुठं हाय?"

"तोच रेडिओ, बाबा."

भुजंगाला ते काही झेपलं नाही. त्याने मान तेवढी बरोबर हलवली.

कम्प्युटर आणला पुतणीचा. प्रभावती जालन्याला कॉलेजात शिकवायची. तिने तिचा लॅपटॉप सोमवारी सकाळी परत द्यायच्या बोलीवर दिला. शनिवारी दोघांनी दुकानाच्या पत्र्यापासून लिंबाच्या झाडापर्यंत तांब्याची तार ताणली. पहिल्यांदा इस्माईलभाईने वायर माईकच्या भोकात खुपसली, तर पडद्यावर डावीकडे जे दिसे तेच आरशासारखं उजवीकडेही उमटायला लागलं. मग कपाळावर हात मारून त्याने शेजारचं भोक धरलं. पडद्यावर निळा रंग वरून खाली सरकायला हवा होता. त्यात उभी पांढरी रेघ म्हणजे एक स्टेशन, असं इस्माईलभाईने समजावलं. पण रेघ दिसणार कुठून? सगळा पडदाच पांढराफेक होता.

"हा तुझ्या सीएफएल बल्बचा आवाज. हा शेजारच्या टीव्हीचा. हा लॅपटॉपच्या चार्जरचा." इस्माईलभाईने चार्जर उपसला तसा पांढरा थोडा विरला. "गावात इजेवरचे जितके डबे, तितकी खरखर. तुझा रेडिओ उगाच बदनाम झाला."

उपाय महावितरणनेच करून ठेवला होता. उन्हाळा लागल्यापासून संध्याकाळी सहा ते आठ टेंभुर्णीची लाईट जायची, आणि तेव्हा भुजंगाचा विजेवरचा रेडिओही मुका व्हायचा. ज्या लोडशेडिंगला गाव शिव्या घालायचं, त्याची भुजंग पहिल्यांदाच वाट बघू लागला. कार्यक्रम पावणेसातला, आणि चार्जरशिवाय लॅपटॉपची बॅटरी वीस मिनिटं टिकायची. तेवढ्यात काय ते ऐकायचं.

"पर मला एक सांग," इस्माईलभाई म्हणाला, "आवाज येत न्हाई, हे तू त्यांला कधी कळवलं का?"

भुजंग मापाची टेप गुंडाळायला लागला. न कळवण्याची गोष्ट अशी होती. केंद्र दर आठवड्याला एक छापील फॉर्म भरून मागायचं: आवाजाचा जोर किती, शेजारच्या स्टेशनचा त्रास किती, खरखर किती, असे पाच रकाने आणि प्रत्येकाला पाचपैकी गुण. पहिल्या वर्षी भुजंगाने खरे गुण दिले, तीन, दोन, तीन. काकासाहेब मास्तर त्याच्यावर उखडले. "लोक इतक्या लांबून आपल्यासाठी बोलून राह्यले, अन् तू तीन देतो? पंगतीत बसून वरणात मीठ कमी म्हणतं का कोणी?" तेव्हापासून मंडळाचा नियमच झाला, पाचही रकान्यांत पाच. मास्तर वारले, नियम राहिला. ऑक्टोबरनंतर तर काहीच ऐकू येईना, तरी भुजंग कार्यक्रमाच्या छापील पत्रिकेतून विषय उतरवायचा आणि पुढे पाचही रकान्यांत पाच लिहायचा. आयुष्यभर गिऱ्हाइकाची कुरकुर ऐकून शिलाई उसवलेला हा माणूस. पण आपण लिहिलेलं तिकडे कुणी खरं धरत असेल, हे त्याच्या डोक्यात कधी आलं नाही.

"न्हाई कळवलं," तो म्हणाला. "त्यांला वाईट वाटलं असतं."

रविवारी सहाला लाईट गेली. गाव गप्प झालं. पावणेसातला लॅपटॉप उघडला, तर पडदा स्वच्छ निळा, आणि मधोमध एक बारीक रेघ, केसाएवढी. इस्माईलभाईने प्रोग्रामची खूण त्या रेघेवर नेऊन ठेवली. आणि सहा महिन्यांनी दीदी बोलली. आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा होता, पण तिचाच होता. भुजंगाचे डोळे भरून आले आणि त्याला त्याची लाजही वाटली नाही.

गाणं झालं, दोन पत्रं झाली. मग दीदी म्हणाली की हिंदी प्रसारण बंद होणार नाही.

"इस्माईलभाई!" भुजंग ओरडला आणि त्याने त्याचा हात गच्च धरला.

"सबर. बोलून राह्यली ती."

दीदी सांगत होती, की ऑक्टोबरात आम्ही कुणालाही न कळवता मोठा ट्रान्समीटर बंद करून छोट्यावरून बोलून बघितलं. बऱ्याच गावांची पत्रं थांबली. पुष्कळांनी आवाज येत नाही म्हणून लिहिलं. आम्ही प्रसारण बंदच करणार होतो. पण टेंभुर्णीहून दर आठवड्याला पैकीच्या पैकी गुण येत राहिले. पंचवीस वर्षांच्या साथीदारांवर आम्ही विश्वास ठेवला. आता मोठा ट्रान्समीटर कायमचा दुसऱ्या देशाकडे वळवला आहे, आणि हिंदीला छोटा पुरेल असं ठरलं आहे. शेवटी ती हसून म्हणाली, "जब तक आपकी ऐसी रिपोर्टें आती रहेंगी, हम बोलते रहेंगे."

बॅटरी संपली. लॅपटॉप डोळा मिटल्यासारखा विझला.

इस्माईलभाईने अंधारातच वायर उपसली. भुजंगाला एकदम दमल्यासारखं वाटलं; कात्री, मशीन, टांगलेले कपडे, सगळं नकोसं.

"आता तरी खरं लिव्ह," इस्माईलभाई हळूच म्हणाला.

"खरं लिव्हलं तं बंद करतील."

"अन् खोटं लिव्हलं तं?"

"चालू राहील."

"कोणासाठी, भुजंगा?"

भुजंग तारेचं टोक गुंडाळायला लागला. इस्माईलभाईने पट्टी रुमालात गुंडाळली, उद्या लॅपटॉप गेल्यावर तिला कान उरणार नव्हता. 'येतो' म्हणून तो एसटी गाठायला निघून गेला.

तुळजाबाई, भुजंगाची बायको, कंदील घेऊन आली. "काय म्हणले तुमचे रेडिओवाले?"

"चालू ठेवणार हायेत. माझ्या शब्दावर."

"मंग तोंड पाडून काऊन बसले?"

त्याने मशीनवरचं कापड बाजूला सारून कंदिलाला जागा केली. कंदील ठेवून ती आत गेली. त्याने मशीनच्या ड्रॉवरमधून कोरा फॉर्म काढला, आजची तारीख टाकली, आणि पहिल्या रकान्यावर पेन टेकवून बसून राहिला. एक लिहावा, फार तर दोन. मग त्याने पाच लिहिला, आणि उरलेल्या चारही रकान्यांत पाचच.

आठला लाईट आली. शेजारचा टीव्ही सुरू झाला. भुजंगाने दुसरा फॉर्म घेतला, पत्रिकेत बघून पुढच्या रविवारचे विषय उतरवले, आणि त्याचेही गुण आत्ताच भरून ठेवले.