शेजारधर्म नावाची करामत

साडूला रविवारच्या खेळात नेण्यात सर्व्हेअरचा फायदाच होता. एक तर बायकोची भुणभुण थांबणार होती. "त्यांना गावात कुणी मित्र नाहीत हो, न्या की तुमच्याबरोबर," हे तो महिनाभर ऐकत होता. दुसरं म्हणजे साडू दातांचा डॉक्टर; उद्या कवळी बसवायची वेळ आली तर माणूस घरचा. आणि तिसरं त्याने बायकोला सांगितलं नाही: शेजारी नवशिका बसवला की जुन्या खेळाडूचं तेज जरा जास्तच फाकतं.

खेळ चालायचा औषधाच्या दुकानामागच्या खोलीत, सिरपच्या खोक्यांवर बसून. खेळ म्हणजे सगळ्यांनी मिळून फाशांवर रचायची एक गोष्ट, आणि ती चालवायची दुकानाची मालकीण केमिस्टबाई. त्या काल्पनिक राज्यातले राक्षस, राजे, वादळं सगळं तिच्या तोंडी. बाकीच्यांचं एकेक कॅरेक्टर. सर्व्हेअरचा धनुर्धर, कित्येक वर्षं लेकरासारखा जपलेला. ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या ताईची तलवारबाज. आणि ग्रंथालयातल्या सहाफुटी माणसाचा बुटका योद्धा, ज्याच्यापायी त्या बिचाऱ्याला सगळे बुटक्याच म्हणत. फासे टाकायचे, लढायचं, लेव्हल वाढली की जाडजूड नियमपुस्तकातून एक करामत निवडायची. पुस्तकात करामती ढिगाने. त्यातली कोणती कामाची, हे सांगणारा एकटा सर्व्हेअर.

ठोकलेल्या गाड्या बघून विमा कंपनीला नुकसान सांगणं हा त्याचा धंदा. करामतीही तो तशाच बघायचा, बॉनेट उघडून. "हिचा पत्रा चांगला, इंजिन गेलंय. ही चालेल. ही टोटल लॉस, थेट भंगारात." त्याने टोटल लॉस म्हटलेल्या करामतीकडे मग कोणी ढुंकून बघत नसे. ही त्याची गादी होती आणि तो तिच्यावर ऐसपैस बसला होता.

साडूने गवई निवडला, आणि करामत घेतली 'जनावरांशी बोलणे'.

"डॉक्टर, टोटल लॉस आहे ती," सर्व्हेअर म्हणाला.

"असू द्या हो दादा. मला गंमत वाटतेय."

त्याच दुपारी किल्ल्याच्या दरवाजाशी सगळे अडले. धनुर्धराने नेम धरला, पहारेकऱ्याच्या टोपीचा गोंडा उडवला, अचूक. आणि गवई गेला कोपऱ्यातल्या खेचराकडे. "आ कर बघू," डॉक्टर म्हणाला, "अरे, दाढ किडलीय की तुझी! कधीपासून दुखतंय?" खेचराच्या तोंडून केमिस्टबाई असं काही कण्हली की ताईच्या डोळ्यांतून पाणी आलं. दाढ काढली गेली, खूश होऊन खेचराने लाथेने अडसर उडवला, किल्ला उघडला. एरवी पाण्यालाही भाव लावणाऱ्या केमिस्टबाईने चॉकलेटचा डबा फोडून पहिलं डॉक्टरला दिलं. गोंड्याचं नावसुद्धा कोणी काढलं नाही.

सर्व्हेअर घरी पोचला तर बायको बहिणीचा फोन ठेवून हसतच होती. "खेचराची दाढ काढली म्हणे! तुम्ही कधी बोलला नाहीत हो, इतकं मजेशीर असतं ते."

सर्व्हेअरच्या पोटात जे दुखायला लागलं, त्यावर केमिस्टबाईच्या दुकानातही गोळी नव्हती.

पुढचे रविवार असेच गेले. गवई घुबडाची समजूत काढायचा, कोळ्याची माफी मागायचा, आणि सगळे खोकी पुढे ओढून ऐकायचे. सर्व्हेअरचे बाण लागत होते, पण पोस्टमनने पत्र टाकावं तसे. कोणी टाळ्या वाजवत नाही.

मग त्याची दाढ भरायची निघाली. डॉक्टरने सुई टोचली, ओठ बधिर होईपर्यंत स्टूल ओढून बसला आणि म्हणाला, "दादा, लेव्हल वाढलीय आमची. या वेळी तुम्हीच सांगा काय घेऊ. पहिल्या वेळी तुमचं ऐकलं नाही, बरं दिसलं नाही ते."

गवयाला काय शोभेल हे सर्व्हेअर झोपेतही सांगू शकला असता. पण त्या माणसाने इतक्या सरळपणे विचारलं की त्याला जास्तच राग आला.

"शेजारधर्म घ्या," तो म्हणाला.

शेजारधर्म म्हणजे असं: शेजारी उभ्या असलेल्या सोबत्यावर घाव आला की त्यातला अर्धा आपल्या अंगावर घ्यायचा. काटकुळ्या गवयाने ती घेणं म्हणजे सायकलने ट्रकला टेकू देणं. सर्व्हेअरच्या लेखी ती टोटल लॉसच्याही खालची. दोन लढायांत गवई खलास, मग बघू खेचरं कोणाशी बोलतात ते.

रविवारी केमिस्टबाईने विचारलं, "हं, कोणी काय घेतलं?"

"शेजारधर्म," डॉक्टर म्हणाला. "दादांनी सुचवली."

"मीपण शेजारधर्मच," ताई म्हणाली.

"मीही," बुटक्या म्हणाला. "डॉक्टरांनी फोनवर सांगितलं. म्हटलं, सर्व्हेअरनी पास केलीय ना, मग डोळे झाकून."

सर्व्हेअर पेचात सापडला. आता 'घेऊ नका' म्हणावं, तर डॉक्टरला का दिली?

"आणि तुम्ही?" ताईने विचारलं.

"दूरचा नेम."

"वा! आम्हाला सोनं सांगायचं आणि स्वतः वेगळंच?"

"कोणीतरी लांब उभं राहायला हवं ना," तो म्हणाला.

"बघा," डॉक्टर हळवा होऊन म्हणाला, "याला म्हणतात मोठेपणा."

गुहेच्या तोंडाशी दुपारभर ड्रॅगन लढला. आणि तिथे सर्व्हेअरला आपली चूक दिसली. जन्मभर त्याने एकेक गाडी तपासली होती. एकाने घेतलेला शेजारधर्म भंगार, पण तिघांनी घेऊन खांद्याला खांदा लावला की प्रत्येक घाव वाटला जायचा, आणि मरण कोणाच्याच वाट्याला पुरेसं येईना. केमिस्टबाईने शेपटीचा तडाखा दिला, आग ओकली. तिघं हसत हसत जखमा वाटून घेत होते, जेवायला बसल्यासारखे.

मग केमिस्टबाईने मान वळवली. "ड्रॅगन मूर्ख नाही. टेकडीवर धनुर्धर एकटा उभा आहे, त्याच्याकडे झेपावतो."

"दादा, पळा! इकडे या, माझ्या शेजारी," डॉक्टर ओरडला. "अर्धा मी घेतो!"

पळून पोचण्याइतका वेळ होता. सर्व्हेअरने ते बघितलंही. पण साडूच्या कुशीत जाऊन उभं राहायचं? त्याच्याच अर्ध्यावर जगायचं? आणि दूरचा नेम जागा सोडली की लागत नाही, हे कारण तयार होतंच.

"मी इथूनच मारतो," तो म्हणाला.

बाण लागला, डोळ्यातच. ड्रॅगन अर्धमेला झाला, पण अर्धाच. केमिस्टबाईने फासे टाकले, बघितले आणि पुन्हा मोजले, जरा हळू.

"गेला तुमचा धनुर्धर."

एका डोळ्याच्या ड्रॅगनला तिघांनी मिळून आडवा केला. डॉक्टरचे डोळे भरून आले होते. "दादांनी आपल्यासाठी जीव दिला. करामतही त्यांचीच, डोळाही त्यांनीच फोडला." बुटक्याने उठून सर्व्हेअरच्या पाठीवर हात ठेवला. त्याला तो झटकताही येईना.

ताईला गुहेतली तलवार मिळाली, बुटक्याला चिलखत, डॉक्टरला ड्रॅगनचं अंडं आणि त्यातून निघणाऱ्या पिल्लाशी गप्पा मारायचा हक्क. केमिस्टबाईचा आजवर एकही ड्रॅगन इतक्या थाटात मेला नव्हता. जमेच्या बाजूला सगळेच. तोट्याच्या बाजूला पडला तो एकटा धनुर्धर, आणि त्याच्या मालकाला सगळ्यांचे आभार बसल्या जागी स्वीकारावे लागले.