उपाशी वेलाच्या शेंगा

गिरजाबाईच्या मांडवावर यंदा वालाचा वेल असा माजला होता, की भर दुपारीही खाली बसलेल्या माणसाचं अंग हिरवं दिसायचं. तिथंच खाट टाकून ती पडायची. डोळा लागला की आई दिसायची, पानांत हात घालून शेंगा तोडणारी. पदराचा ओटा भरायचा तरी आईचा हात थांबायचा नाही. जाग आली की गिरजाबाई वर बघायची. पानंच पानं. फूल म्हणाल तर औषधालाही नाही.

बियाणं आईच्या हातचं होतं. मागच्या साली वानरांनी मांडव ओरबाडला, तेव्हा मूठभर दाणे तेवढे वाचले, आणि ते सगळे तिनं यंदा लावून टाकले. आता शेंग धरली नाही तर आईचा वाल संपला. त्यात दिवाळीनंतर गावात भरणाऱ्या मंडईच्या जत्रेला धाकटा भाऊ लटारू मूल गावाहून यायचा होता. जत्रा बघायचा आणि आईच्या वालाची भाजी मागायचा, दरसाल.

चूक तिचीच होती, पण मायेची. सगळा जन्म धानाच्या बांधीत गेलेला. धान पिवळं पडलं की युरियाची मूठ फेकायची, चार दिवसांत बांधी हिरवीगार, एवढंच तिला ठाऊक. घरी येताना उरलेलं खत ती वेलाच्या बुडाशी टाकायची. आईचा वेल उपाशी कसा ठेवायचा?

शेजारचे गुणवंतराव मांडव बघून हसले. "बाई, हे काई धान नोहे. वाल आपलं नत्र आपल्याच मुळात साठवते. वरून तू युरिया भरवला. आता तो पानातच मस्त आहे, शेंगा काऊन धरन?"

तिला त्यांचा राग आला. त्याहून जास्त स्वतःचा आला.

मंडईच्या दिवशी लटारू आला, मांडवाखाली आडवा झाला आणि डोळे मिटून म्हणाला, "बाई, आईजवळ निजल्यावानी वाटून राह्यलं."

गिरजाबाई खाटेच्या कडेला बसली. तिनं सगळं सांगून टाकलं. "आईचा वाल मीच बुडवला रे."

तो उठून हात धुवायला कुंपणाकडे गेला आणि तिकडूनच ओरडला, "बाई, इथी ये!"

कुंपणापल्याड, मुरमाड रस्त्याच्या कडेला, काडीएवढा एक वेल काट्यांवर चढला होता. पेरायला नेताना दाणा निसटला असेल. त्याला कुणी पाणी घातलं नव्हतं, खत तर नाहीच. पानं मोजकी, पिवळट. शेंगा मात्र घोसानं लगडलेल्या.

लटारूचा हात पुढे गेला. तिनं तो धरला. "बियाले राहू दे. भाजी पुढच्या साली."

"मंग आज मले काय?"

"वरण-भात."

जेवताना सवयीनं ती त्याला आणखी भात वाढायला गेली. लटारूनं ताटावर हात आडवा धरला. "पुरे, बाई."

जन्मात पहिल्यांदाच तिनं आग्रह केला नाही. भातवाढी परत भाताच्या गंजात ठेवली आणि जेवणाऱ्या भावाकडे बघत बसली.