उसनं हिंव

थप्.

दोन बटाटे एकमेकांवर आपटून बघायचे. रात्री हिंव लागून गोठले असतील तर टक् वाजतं, दगडावर दगड आपटल्यासारखं. नसेल तर थप्. दर जूनमध्ये, आमच्याकडच्या ऐन हिवाळ्यात, उजाडता उजाडता आई माळावर पसरलेल्या बटाट्यांत उकिडवी बसते आणि हे करते. आम्ही तिच्या हातांकडे बघत नाही, तोंडाकडे बघतो.

त्या सकाळी थप् वाजलं. तिने दुसरी जोडी उचलली. थप्. मग उठून पार ओहोळाकडच्या टोकाला गेली, तिथे गारवा जास्त साचतो. थप्.

"राहू दे आता, आई."

"तू गप, देल्फिना. थंडीने कान बधिर झालेत माझे."

कान बधिर करण्याइतकी थंडी असती तर प्रश्नच नव्हता.

थप्.

हे कडू बटाटे. कच्चे खाल्ले तर जीभ चरचरते, उकडून खाल्ले तर पोट धरून बसावं लागतं. त्यांना तीन रात्री हिंव लागावं लागतं, मग अनवाणी तुडवून त्यांचं कडू पाणी काढायचं, मग उन्हात वाळवायचं. त्याचा चुन्यो होतो. काळा, हलका, खडखड वाजणारा. दहा वर्षं टिकतो आणि रश्श्यात टाकला की पुन्हा फुगतो. हिंव लागलं नाही तर तो बटाटाही नाही आणि चुन्योही नाही. माळावर पसरलेली आठ पोती नुसती मेहनत.

गेल्या वर्षी एक रात्र हिंव पडलं आणि मग ढग आले. बटाटे आतून काळे पडून नासले. त्याच्या आदल्या वर्षीही तसंच. चुन्योची कणगी मी परवा झाडली, तेव्हा तळाचं गवत हाताला लागलं.

गावात बहुतेकांनी कडू बटाटा सोडला. बाजारात जातो तो गोरा बटाटा लावतात. उरलो आम्ही आणि क्रिसोलोगोकाका.

"बियाणं पण उकिरड्यावर टाका," माझा नवरा मासेदोनियो म्हणाला. "डुकरं खात नाहीत ते आपण कशाला लावायचं?" मग त्याने फोन पुढे केला. "आणि हे बघा, यात आज रात्री उणे दोन दाखवतंय."

"मग त्या फोनवर पसर," आई म्हणाली.

जा!

मधेच हे सांगावं लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही.

जूनमधलं हिंव पाहुणा. त्याच्यासाठी माळ झाडून ठेवतो. फेब्रुवारीतलं हिंव चोर. बटाटे फुलावर असतात, संध्याकाळी आभाळ एकाएकी निवळतं, म्हणजे रात्री ते येणार. मग बांधाबांधावर ओलं गवत आणि शेण पेटवून धूर करायचा आणि हिंवाला हाकलायचं. नुसतं जा म्हणून ते जात नाही. कुठे जा तेही सांगावं लागतं. आमच्या गावचं ओरडणं असं:

वर जा! कुंतुरपाट्याला जा!
तिथे लोकर आहे, तिथे नीज!
इथे अंगावर घ्यायला काही नाही!

कुंतुरपाटा म्हणजे वरची वस्ती, लोकरीसाठी अल्पाकांचे कळप पाळणाऱ्यांची. ओझ्याची जनावरं, लामा, घेऊन गेलं तर तीन तासांची चढण. आवाजाला मात्र सरळ वाट आहे.

पहिली आरोळी माझ्या आईची. इलारियाबाईने सुरू केल्याशिवाय कुणी तोंड उघडत नाही. तिचा आवाज तसा आहे, दरीच्या त्या अंगाचे कुत्रे उठतात.

आणि कुंतुरपाट्यात तिची सख्खी धाकटी बहीण दिलेली आहे. गुमेर्सिंदा, माझी गुमेमावशी. लग्नात आई सगळ्यांदेखत म्हणाली होती, "बघ हं गुमे, फेब्रुवारीत आम्ही हाकललेलं तुझ्याच अंथरुणात शिरणार." सगळे हसले. मावशीही हसली असावी, मी लहान होते.

नऊ वर्षांपूर्वी एका फेब्रुवारीत आमची फुलं वाचली आणि वर अल्पाकाची बत्तीस पिल्लं एका रात्रीत आखडून मेली. चार दिवसांनी मावशीच्या दिराने खाली निरोप आणला. एकच ओळ होती.

"ताईला सांगा, पोचलं."

तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद. मयताला भेटल्या तरी मेलेल्याशी बोलायच्या, एकमेकींशी नाही.

थप्.

दुसरी सकाळही तशीच गेली. आई बटाट्यांतून उठलीच नाही. मी शेजारी जाऊन बसले.

"माझ्यामुळे गेलं ते," ती म्हणाली.

"काय गेलं?"

"हिंव. इतकी वर्षं बोंबलतेय वर जा, वर जा. गेलं."

मी तिला सांगितलं. नवीन काही नव्हतं, रेडिओवर रोज सांगतात, शहरातून थंडी-पावसाचं मोजमाप करायला आलेली मुलगीही सांगून गेली होती. सगळी पृथ्वीच तापत चाललीय. लांबच्या देशांतले कारखाने, गाड्या, त्यांचा धूर. त्यात तू कुठे आलीस?

"त्यांनी त्यांच्या धुराने घालवलं," आई म्हणाली, "मी माझ्या. धूर मीही केलाय ना?"

बांधावर पेटवलेलं मूठभर ओलं गवत कुठे आणि ते कारखाने कुठे, हे मला कळत होतं. पण ते तिच्या तोंडाकडे बघून म्हणायचं कसं?

थोड्या वेळाने ती गुडघ्यांवर हात टेकून उठली. "पोती भर. क्रिसोलोगोला म्हणावं, लामा दे."

"कुठे जायचंय?"

"जिथे पाठवलं तिथे."

मोठ्याने.

गुमेमावशी गोठ्याच्या दगडी भिंतीशी लोकर पिंजत बसली होती. आम्हाला वळणावरून येताना तिने बघितलं असणार. मान वर केली नाही.

"कोण आहे?" तिने मला विचारलं. "पाऊल ओळखीचं वाटतंय, पण नक्की कळत नाही. ओरडून दाखवायला सांग जरा, म्हणजे खात्री होईल."

"गुमे," आई म्हणाली. "जागा हवी होती. तीन रात्री."

"जागा? खाली तुमच्याकडे केवढा माळ आहे. सपाट."

"माळ आहे."

"ओहोळ आटला का?"

"ओहोळही आहे."

"मग नाही काय ते सांग की."

आई लामांकडे बघत राहिली. सगळ्यात पुढचा लामा मावशीच्या पिंजलेल्या लोकरीला तोंड लावायला निघाला होता. मी त्याला ओढला.

"हिंव," आई म्हणाली.

"ऐकू नाही आलं."

"हिंव म्हटलं."

"एरवी तर खालून शब्द न् शब्द ऐकू येतो तुझा. आज काय झालं?"

आईने श्वास घेतला. मला वाटलं, ही आता मागे फिरणार.

"हिंव हवंय गं बाई, हिंव!"

कुत्रे भुंकायला लागले. समोरच्या कड्यावरून हिंव, हिंव असं दोनदा परत आलं. मावशीच्या हातातली लोकर खाली पडली, ती तिने उचलली, तिच्यातली काडी काढून टाकली.

"तूच पाठवलेलं, तूच परत मागायला आलीस."

"परत नको. उसनं दे."

मावशी हसली नाही, पण उठली. "चहा घ्या आधी. मग दाखवते कुठे आहे ते."

वर.

ते गोठ्याजवळ नव्हतं. आम्ही अजून वर चढलो, पाणथळ गवत संपलं, मोकळे खडे लागले तरी मावशी चालतच होती. आईला दम लागला होता. ती थांबली की मावशीही थांबायची, पण मागे वळून बघायची नाही.

"लग्न होऊन आले तेव्हा गोठ्याच्या दारात गोठायचं," मावशी म्हणाली. "पाण्याची बादली सकाळी दगडाने फोडावी लागायची. आता इथवर यावं लागतं."

मग तिने समोर हात केला. डोंगर आम्ही खालूनही रोज बघतो, पण खालून त्याचा माथा ढगात असतो. इथून लख्ख दिसला. काळा होता. एका खांद्यावर तेवढा बर्फाचा पांढरा तुकडा, तव्यावर लोणी सोडल्यासारखा.

"तू हाकललंस म्हणून आलं असतं, ताई, तर आमच्याकडे दुप्पट व्हायला हवं होतं ना? कुठे आहे? आम्ही तर नाही हाकललं. ते आमच्याकडूनही निघालंय. आणि वर आता जागा किती उरलीय, बघ."

आई बघत राहिली.

"तुझा आवाज मोठा आहे," मावशी म्हणाली. "पण एवढा नाही."

मला वाटलं, संपलं. आईने पदरासारखी ओढलेली शाल सोडली, तोंड पुसलं. पण मग तिनेच विचारलं, "आणि ती पिल्लं?"

मावशीने पायाने एक खडा बाजूला केला. मग दुसरा. जागा साफ करायला लागली.

"पिल्लं हिंवाने मेली. तुझ्या ओरडण्याने नाही. तेवढं मला कळतं." अजून एक खडा. "पण मी एकेकाला पोटाशी धरून बसले होते आणि खालून तुझा आवाज येत होता. तिथे लोकर आहे, तिथे नीज. सकाळपर्यंत."

आईही वाकली आणि खडे वेचायला लागली.

"आमचं नाव घेऊ नकोस," मावशी म्हणाली. "दुसरं मला काही नको. बटाटे पण नकोत."

"बरं."

"बरं नको. शब्द दे."

आईने दिला.

टक्.

पहिल्या सकाळी टक्. आईने एकच जोडी वाजवली आणि दोन्ही बटाटे छातीशी धरून बसून राहिली.

टक्. दुसरी सकाळ.

तिसऱ्या सकाळी जो आवाज आला त्याला आमच्याकडे नाव नाही. टक् नाही, थप् नाही. दार नीट न लागल्यासारखा. रात्री ढग आले होते.

"तुडवू या," मावशी म्हणाली. "थांबून काय होणार?"

ऊन चढल्यावर दोघी अनवाणी उतरल्या. घागरे खोचलेले, एकमेकींच्या खांद्यावर हात, टाचेने दाबत, फिरवत, पुढे सरकत. बोटांमधून फेसाळ पाणी यायला लागलं. मी बाजूच्या ढिगावर होते.

"ताई, जाड झालीस."

"तुडवायला बरं पडतं."

"पाय बघ तुझे. बटाटे कुठले आणि बोटं कुठली, कळत नाही."

"तुझं तोंड पण कडू आहे अजून. तू पण दोन रात्री हिंवात झोप इथे."

मावशीने तिला ढकललं, आई सालांवरून घसरून बटाट्यांत बसली आणि उठेचना. हसत होती की रडत होती, मी बघायला गेले नाही.

पाच पोत्यांचा चुन्यो झाला. तीन पोती आतून गेली. आमची कणगी गळ्यापर्यंत भरली नाही, पण तळ झाकला, आणि वर निम्म्याच्याही पुढे आली. मासेदोनियो बियाण्याबद्दल पुन्हा बोलला नाही. फक्त म्हणाला, पुढच्या वर्षी मावशीकडेही नसलं तर? आई म्हणाली, "तेव्हा तुझ्या फोनला विचारू."

जा?

त्यानंतरच्या फेब्रुवारीतली एक सकाळ आधी सांगते, म्हणजे कुणाला वाटायला नको की आईने गाव बुडवलं. सकाळी गोऱ्या बटाट्यांची बरीच शेतं काळी पडली होती, धूर करूनही, ओरडूनही. आमचा कडू बटाटा हिंवाला चिवट, त्याच्या कडेच्या दोनच ओळी गेल्या. बाकी जांभळी फुलं उभी होती.

आता आदली संध्याकाळ.

चार वाजेपर्यंत ढग होते. मग कुणी पुसून घ्यावं तसं आभाळ मोकळं झालं. गावभर लोक गवत घेऊन धावले. जूनमध्ये जे यायला तयार नव्हतं ते न बोलावता आलं होतं. धूर जमिनीला धरून पसरला. आणि सगळे बांधावर उभे राहून आईकडे बघायला लागले.

आई गप्प.

"इलारियाबाई, सुरू करा!" क्रिसोलोगोकाका ओरडले. "ते काय तुमच्यासाठी थांबणार आहे?"

"करते."

"काय झालं? घसा बसला का?"

तिचा घसा बसला नव्हता. मला माहीत होतं. तिच्यामागे सगळं गाव होतं, फुलावर आलेलं, आणि वर कुंतुरपाट्याला त्याच आठवड्यात पिल्लं झालेली होती. हिंवाला जा म्हणायचं तर कुठे जा? तिने वर डोंगराकडे बघितलं. मग खाली दरीकडे बघितलं, तिथेही कुणीतरी राहतंच.

"वर..." तिच्या तोंडून सवयीने निघालं, आणि सवयीनेच पन्नास तोंडं उघडली. तिने हात झटकून त्यांना गप्प केलं.

मग ओरडली. दरीपलीकडचे कुत्रे उठले.

"आत्ता नको रे बाबा! जूनमध्ये ये!"

कुणीतरी हसलं. कुणीतरी म्हणालं, म्हातारीला लागलं वेड.

"जूनमध्ये ये! माळ झाडून ठेवते! तीन रात्री राहा! चार राहा! आत्ता फुलं आहेत रे, आत्ता नको!"

एकदा, दोनदा ती एकटीच. तिसऱ्यांदा मी. मग क्रिसोलोगोकाका, त्यांचा आवाज फाटका, पण त्यांचे कडू बटाटे आमच्याच बांधाला लागून आहेत. मग बाकीचे, कारण गप्प उभं राहून चालणार नव्हतं. जूनमध्ये ये. जूनमध्ये ये. ज्यांनी पाच वर्षांत चुन्यो केला नव्हता तेही बोलावत होते.

धुरात मासेदोनियोचा फोन वाजला. त्याने कानाला लावला, दुसऱ्या कानात बोट घातलं, आणि आईकडे बघायला लागला.

"गुमेमावशी आहे," तो म्हणाला. "म्हणतेय, शब्द न् शब्द ऐकू येतोय. ताईला सांग, पोचलं."