पट्ट्या कोण लावतं?

बायको मॉर्वेना गेल्याचा दवाखान्यातून फोन आला, तेव्हा वायरमन डेन्झिल रेडरूथ गावातल्या एका बेकरीत वायरी ओढत होता. त्यानंतर आठ महिने त्याने हत्यारांची पेटी उघडली नाही. आता पुन्हा काम करावंसं वाटत होतं, पण मधल्या काळात वायरिंगचे नियम बदलले होते. नवी परीक्षा पास झाल्याशिवाय त्याला कामाच्या दाखल्यावर सही करता येणार नव्हती.

त्याचा मित्र जोरी म्हणाला, "घरबसल्या एका दिवसाचा कोर्स कर, गड्या. नियमांच्या पुस्तकात खुणेच्या पट्ट्यासुद्धा कोर्सवालेच चिकटवून पाठवतात. परीक्षेत पुस्तक जवळ ठेवायला परवानगी असते; उघडायचं, की उत्तर समोर!"

"आणि उद्या कुणाच्या घरी काम करताना अडलं, तर पट्ट्या लावणाऱ्याला हाका मारू?"

"लग्न करताना तरी एवढा विचार केला होतास का?"

"तिने केला होता ना," डेन्झिल म्हणाला, आणि पुष्कळ दिवसांनी दोघं मनापासून हसले.

मग त्याने कॉलेजात फोन लावला. तिथे तीन दिवसांचा वर्ग होता. शिकवणाऱ्या चेनोवेथबाईंना त्याने एकच विचारलं, "पट्ट्या कोण लावतं?"

"ज्याचं पुस्तक त्याने. मी फक्त भांडते, इथेच का लावलीस म्हणून."

त्याने तिथेच नाव नोंदवलं. दोन दिवसांत पुस्तक पट्ट्यांनी भरलं आणि कुठला नियम कुठे आहे, हे त्याच्या बोटांना कळू लागलं. उद्या परीक्षा आहे. न्हाणीघरातल्या वायरिंगचं प्रकरण तेवढं वाचायचं राहिलं आहे.