जुनं कार्ड काढायचं नाही

"काकू, माझं ऐका. कॉम्प्युटरला हे नवीन ग्राफिक्स कार्ड लावा आणि जुनं काढून टाका," दुकानदार म्हणाला. "दोन वेगवेगळी कार्डं एकत्र चालत नाहीत. एक लहान, एक मोठं. गेम खेळायला बसलात की अडकलंच."

"मी गेम खेळायला बसणार आहे, असं कोणी सांगितलं तुम्हाला?" बायको म्हणाली.

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. अशा वेळी लोक नेहमी माझ्याकडे पाहतात, जसं काही हिला आवरणं माझ्या हातात आहे. मी गुपचूप पंख्याकडे पाहू लागलो.

बायको इमारतींची चित्रं करते. पाया खणायच्या आधीच ती इमारत आतून-बाहेरून कशी दिसेल, ते कॉम्प्युटरवर उभं करते. एका आर्किटेक्टच्या ऑफिसात तिने उमेदीची सगळी वर्षं घातली. चित्रं हिची आणि लोकांपुढे मिरवायचे साहेब. मागच्या वर्षी त्याच साहेबांनी "ताई, तुमच्या डोळ्यांना आता विश्रांती हवी" असं गोड बोलून तिला घरी बसवलं. तिच्या डोळ्यांना काहीही झालेलं नव्हतं. साहेबांना दोन तरुण पोरं मिळाली होती, एवढंच.

पण त्या पोरांची चित्रं एका जुन्या इमारतीच्या रहिवाशांना पटेनात. इमारत पाडून तिथे नवी बांधायची होती. लोक म्हणाले, मापं घ्यायला बाई आल्या होत्या, त्यांनाच बोलवा. साहेबांना झक मारत फोन करावा लागला. बायकोने अट घातली: नव्या इमारतीची फिल्म मी करीन, पण रहिवाशांच्या सभेत दाखवणार मीच आणि लोकांशी बोलणारही मीच.

"शनिवारच्या सभेपर्यंत पूर्ण झाली तर दाखवा की," साहेब हसून म्हणाले. "नाहीतर पोरं आहेतच."

ते का हसले, ते हिला बरोबर कळलं. फिल्म म्हणजे हजारो चित्रं, आणि एकेक चित्र पक्कं करायला कॉम्प्युटर घाम गाळतो. तो घाम गाळतं ते हे कार्ड. जुन्या कार्डावर महिना गेला असता. एकट्या नव्यावरही शनिवार गाठता आला नसता. म्हणून हिला दोन्ही हवी होती.

दुकानदाराने शेवटी हात टेकले आणि आम्ही नवीन कार्ड घेऊन घरी आलो.

मी जन्मभर पाणीपुरवठ्यात पंप दुरुस्त केले, तेव्हा मलाही राहवलं नाही. "अगं, एका लाइनीवर लहान-मोठे दोन पंप लावले की मोठा लहानाला दाबतो. लहान नुसता घरघरतो, पाणी काही पडत नाही."

"अहो, लाइन एक नाहीच," ती कॉम्प्युटरचा डबा उघडत म्हणाली. "दोघांच्या बादल्या वेगळ्या. मोठं त्याची चित्रं करेल, लहान त्याची. शेवटी ओळीने लावायचं काम माझं."

आणि झालंही तसंच. फक्त जुन्या कार्डाला बाग झेपेना. झाडाची पानं आली की ते हाय खायचं. मग हिने कामं वाटून दिली. झाडं, काचा आणि अंगण नव्याकडे. जिने, रिकाम्या खोल्या, स्वयंपाकघरं जुन्याकडे. घरात जो जे उचलू शकतो ते त्याला द्यावं, तसं. जुनं कार्ड आपलं गुमान खोल्या काढत बसलं आणि मी दुकानदाराला मनातल्या मनात वाकुल्या दाखवल्या.

गुरुवारी दुपारी डबा अचानक बंद पडला. चालू केला, थोडा वेळ चालला, पुन्हा बंद. नेमका तेव्हाच साहेबांचा फोन.

"होत नसेल तर आत्ताच सांगा, ताई. मनाला लावून घेऊ नका."

"होतंय," ती म्हणाली आणि फोन ठेवला. समोर काळा पडदा. ती पुन्हा पुन्हा बटण दाबत होती.

"घाबरू नकोस गं," मी म्हणालो.

"घाबरलेय कुठे? संतापलेय!"

मी डब्यात हात घातला. आतली विजेची एक वायर चांगलीच तापली होती. एकाच वायरीला दोन तोंडं होती, म्हणून हिने तिच्यावरच दोन्ही कार्डं जोडली होती.

"एका वायरीवर दोन मोटारी? अगं, आमच्या खात्यात असं केलं असतं तर मला घरी पाठवलं असतं."

"मला आधीच पाठवलंय," ती म्हणाली. "दुसरी वायर आणा."

दुसरी वायर माळ्यावरच्या खोक्यात, पिशवीतून न काढलेली सापडली. त्यानंतर डबा बंद पडला नाही. शनिवारी सकाळी शेवटचं चित्र आलं. तिने केस विंचरले, पेनड्राइव्ह पर्समध्ये टाकला आणि आम्ही निघालो.

सभेला हॉल भरला होता. साहेबांनी हात पुढे केला. "या ताई. पेनड्राइव्ह द्या, पोरं लावतील. तुम्ही मागे बसा, दमला असाल."

"आपलं ठरलंय, साहेब. मी दाखवणार."

"अहो, चार लोकांत बोलायची तुम्हाला सवय नाही."

"आज होईल," ती म्हणाली आणि त्यांच्या बाजूने वाट काढून पुढे गेली.

दिवे मालवले. पडद्यावर फाटक आलं, झाडं आली, लोक खूश. मग जिना आला. तिसऱ्या रांगेतून काठीवाल्या एका आजींनी विचारलं, "ह्या जिन्याला दोन्हीकडून कठडा आहे का?"

साहेब अर्धवट उठले. "त्याचं असं आहे की..."

"आहे, आजी." बायकोने फिल्म थांबवली. "दोन्हीकडून आहे. मी मापं घेत होते तेव्हा तुम्ही भिंतीला धरून उतरत होतात. मी तिथेच उभी होते."

शेजारचीने आजींचा हात धरला. साहेब तसेच खाली बसले. माझा ऊर भरून आला आणि मी ते लपवलंही नाही.

"आता वरच्या मजल्यावर जाऊ," बायको म्हणाली. तिने फिल्म पुन्हा सुरू केली आणि सगळी सभा तिच्यामागून पडद्यावरचा जिना चढू लागली.